सिकलसेल : तांबड्या पेशीच्या आत नेमके काय बिघडते?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. चार वर्षांचे पोर पाय धरून रडत असते. दिवसभर खेळले म्हणून पाय दुखत असतील, असे समजून आई तेल लावते, आजी मिठाच्या पुरचुंडीने शेकते. सकाळी शेजारीण म्हणते, नजर लागली असेल. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. कधी हातापायाची बोटे सुजतात, कधी पोट दुखते, कधी डोळे पिवळे दिसतात. कावीळ म्हणून झाडपाला होतो, अशक्तपणा म्हणून लोहाचे औषध होते. अशी वर्ष-दोन वर्षे गेल्यावर एखादा डॉक्टर रक्ताची वेगळी तपासणी लिहून देतो आणि कागदावर दोन अक्षरे येतात : एसएस.

त्यानंतर घरात जे सुरू होते ते आजाराइतकेच दुखणारे असते. "आमच्या घराण्यात कोणाला नाही, हे तिच्या माहेरहून आलं." हे वाक्य विदर्भातल्या किती सुनांनी ऐकले असेल याची मोजदाद नाही. विज्ञानाचे उत्तर मात्र साफ आहे. एसएस मूल एकट्या आईकडून होत नाही आणि एकट्या बापाकडूनही होत नाही. दोघांकडून एकेक एस आल्याशिवाय एसएस होतच नाही. तपासणीचा कागद आईकडे बोट दाखवत असेल तर तो तितकाच बापाकडेही दाखवतो.

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातल्या आपल्या वाचकांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. "आमच्याकडे दोघे एएस आहेत" असे बोलताना लोक सहज बोलतात. पण एएस म्हणजे काय, एसएस म्हणजे काय आणि मुख्य म्हणजे दुखते कशाने, हे विचारले की गडबड होते. गेल्या काही वर्षांत इकडची माणसे कामासाठी मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत गेली, तिथल्या दवाखान्यांत तर हा आजार पटकन लक्षातही येत नाही. म्हणून या वेळी आजाराच्या मुळाशी जाऊ. मूळ समजले की "पाणी जास्त प्या", "थंडीत जपा", "ताप आला की थांबू नका" या सूचनांमागचे कारणही कळते, आणि कारण कळलेली सूचना माणूस विसरत नाही.

माळेतला सहावा मणी

आपल्या रक्ताला लाल रंग देणारा पदार्थ म्हणजे हिमोग्लोबिन. ते एक प्रथिन आहे. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, मासे आठवतात; पण शरीर जे प्रथिन खाते ते फोडून त्याचे सुटे मणी करते आणि त्या मण्यांपासून स्वतःची हजारो प्रकारची प्रथिने नव्याने ओवते. या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. कोणता मणी कोणत्या जागी बसवायचा, याचा आराखडा आईबापांकडून आलेल्या जनुकांत असतो.

ओवलेली माळ सरळ राहत नाही. ती स्वतःभोवती दुमडते, तिची एक ठरावीक घडी बसते, आणि त्या घडीवर तिचे काम अवलंबून असते. चावी जशी दातांच्या आकाराने कुलूप उघडते, तसे प्रथिन आपल्या आकाराने काम करते. हिमोग्लोबिनच्या एका कणात अशा चार माळा एकत्र बसलेल्या असतात : दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा माळेत १४१ मणी, बीटा माळेत १४६. हा कण फुप्फुसात ऑक्सिजन उचलतो आणि शरीरभर फिरून सोडतो.

सिकलसेलमध्ये बीटा माळेच्या १४६ मण्यांपैकी फक्त एक बदललेला असतो. सहावा. त्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे असते, तिथे व्हॅलिन येते. बाकी सगळी माळ जशीच्या तशी.

एका मण्याने एवढा अनर्थ का? कारण ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे आहे आणि व्हॅलिन तेलकट स्वभावाचे. डाळीत फोडणी ओतली की तेलाचे थेंब पाण्यापासून तुटून एकमेकांना कसे चिकटतात, ते रोज आपण बघतो. तसेच इथे होते. हिमोग्लोबिनच्या कणाच्या बाहेरच्या अंगावर एक तेलकट ठिपका तयार होतो आणि तो पाणी टाळून दडायला जागा शोधतो. कणाजवळ ऑक्सिजन असेपर्यंत ती जागा मिळत नाही, म्हणून काही बिघडत नाही. ऑक्सिजन सोडला की कणाचा आकार थोडा बदलतो, त्याच्या अंगावर एक खाच उघडी पडते, आणि शेजारच्या कणाचा तेलकट ठिपका नेमका त्या खाचेत जाऊन बसतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. बघता बघता कणांचे लांब धागे होतात, आणि असे १४ धागे पीळ बसून एक ताठ दोरी होते, सुतळीसारखी.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे साधारण २७ कोटी कण ठासून भरलेले असतात. इतक्या गर्दीत दोऱ्या वळू लागल्या की पेशीच्या आतला पातळ रस घट्ट होतो. गोल, मऊ पेशी ताणली जाऊन लांबट, टोकदार होते. सूक्ष्मदर्शकाखाली ती विळ्यासारखी दिसते आणि विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून हे नाव.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे. प्रथिनांमुळे होणाऱ्या आजारांत बऱ्याचदा मूळ घडीच चुकते. अल्झायमर या विस्मरणाच्या आजारात मेंदूतल्या प्रथिनांचे तुकडे चुकीच्या घडीत एकमेकांना चिकटून गोळा होतात. पार्किन्सनच्या कंपवातातही एका प्रथिनाचे गोळे होतात. मधुमेहाच्या अनेक रुग्णांच्या स्वादुपिंडातही अशी चिकट प्रथिने साचलेली सापडतात. असे चिकटलेले प्रथिन पेशीच्या आवरणाला धरून ते आवरण फोडू किंवा गळके करू शकते, असे या आजारांबद्दल मानले जाते; ते पूर्ण सिद्ध झालेले नाही. सिकलसेलमध्ये सुरुवातीला घडी जवळपास बरोबर असते, फक्त कण चिकट झालेला असतो. घडी मोडण्याचा भाग नंतर येतो, आणि तो आवरणापाशीच घडतो.

आवरण : जिथे खरे नुकसान होते

तांबडी पेशी मोठी गमतीची चीज आहे. तिची रुंदी एका मिलिमीटरच्या साधारण सव्वाशेव्या भागाएवढी. तिच्यात केंद्रक नसते. तिला स्वतःपेक्षाही अरुंद रक्तवाहिन्यांतून दुमडून जावे लागते आणि बाहेर पडताच पुन्हा गोल व्हावे लागते. हे ती सुमारे १२० दिवस करत राहते. हे जमते ते तिच्या आवरणामुळे. स्निग्ध पदार्थाचे दोन पातळ थर आणि त्यांच्या आतून प्रथिनांची लवचीक जाळी, अशी त्याची बांधणी. मच्छरदाणीवर पातळ प्लास्टिक ताणून बसवावे तसे.

हिमोग्लोबिनच्या ताठ दोऱ्या या आवरणाला आतून ढोसतात. पेशी फुप्फुसात परत गेली, ऑक्सिजन मिळाला, की दोऱ्या विरघळतात आणि पेशी पुन्हा गोल होते. पण वाकवलेली तार जशी दहा-वीस वेळा वाकवल्यावर तुटते, तसे आवरणाचे होते. काही फेऱ्यांनंतर ते विळ्याच्या आकारातच अडकते. ऑक्सिजन मिळाला तरी पेशी सरळ होत नाही.

याहून वाईट म्हणजे आवरण गळके होते. पेशीतले पोटॅशियम बाहेर जाते आणि त्याच्यामागे पाणी जाते. पाणी गेले की आत हिमोग्लोबिन अधिक दाट होते, दाट झाले की दोऱ्या लवकर वळतात, दोऱ्या वळल्या की आवरण आणखी गळते. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबवणे कठीण.

पाण्याचा सल्ला इथेच समजतो. ऑक्सिजन सोडल्यावर लगेच दोऱ्या वळत नाहीत, मध्ये थोडासा अवधी जातो. पेशी बारीक रक्तवाहिनीतून तेवढ्यात पार झाली तर वाचली. हा अवधी हिमोग्लोबिनच्या दाटपणावर फार अवलंबून असतो. पेशीतले पाणी थोडेसेच कमी झाले तरी तो कित्येक पटींनी घटतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या पत्र्याखाली घर तापते, नळाला दोन दिवसांआड पाणी येते. अशा वेळी सिकलसेलच्या मुलाला तास-दोन तास पाणी न मिळणे हे साधे तहानलेपण नसते. थंडीचेही तसेच. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त हळू वाहते, पेशीला पार व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दोऱ्या वळतात. म्हणून या मुलांची भरथंडीत गार पाण्याची आंघोळ नको, ताप उतरवायला अंगावर बर्फ नको, आणि दुखत्या जागी तर बर्फ अजिबात नको. कोमट शेक चालतो.

आता घडी मोडण्याबद्दल. सिकलसेलचे हिमोग्लोबिन साध्या हिमोग्लोबिनपेक्षा लवकर बिघडते. त्यातले काही कण आपला आकार गमावून आवरणाच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. त्यांच्यातले लोह तिथेच गंजासारखे काम करते, आवरणातली प्रथिने खेचली जाऊन एका जागी गोळा होतात. आवरणाच्या आतल्या थरात राहायला हवा तो एक स्निग्ध पदार्थ उलटून बाहेर येतो. ही खूण शरीराला "ही पेशी म्हातारी झाली, उचला" असे सांगते, आणि ती खूण अंगावर असलेली पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीलाही चिकटू लागते. चिकटलेल्या पेशींमागे इतर पेशी अडकतात. चाळीच्या नालीत एक काडी अडकली की तिच्यामागे कचरा साचतो ना, तसे. पुढच्या हाडाला, स्नायूला, कधी फुप्फुसाला, कधी मेंदूला रक्तच पोहोचत नाही.

ती वेदना म्हणजे हीच. रक्त न मिळालेले हाड आतून आक्रोश करत असते. बाहेरून सूज नसेल, ताप नसेल, एक्स-रेतही काही दिसणार नाही, आणि म्हणूनच "नाटक करतो", "शाळा चुकवायची आहे" असे म्हटले जाते. दवाखान्यातही कधी कधी हे ऐकावे लागते. सिकलसेलच्या रुग्णाने दुखते म्हटले तर दुखते, एवढे घरच्यांनी तरी धरून चालावे.

१२० दिवस जगणारी पेशी या आजारात १० ते २० दिवसांत फुटते. नव्या पेशी त्या वेगाने तयार होत नाहीत, म्हणून रक्त कायम कमी. फुटलेल्या पेशींतून पिवळा पदार्थ निघतो, म्हणून डोळे पिवळे. ही दूषित पाण्याची कावीळ नव्हे. झाडपाल्याने ती जात नाही, आणि पथ्याच्या नावाखाली मुलाचे खाणे तोडले तर त्याची हानीच होते. तोच पिवळा पदार्थ साचून पुढे पित्ताशयात खडे होऊ शकतात. लोहाचेही लक्षात ठेवावे. इथे रक्त कमी असते ते पेशी फुटतात म्हणून, लोह नसते म्हणून नव्हे. फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते. तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू ठेवू नयेत. डॉक्टर देतात त्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या वेगळ्या, त्या नव्या पेशी बनायला लागतात.

हा कुणाच्या जातीचा आजार?

१९१० साली शिकागोतल्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे लिहिले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या कणातच आहे. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत सापडल्याचे हे पहिले उदाहरण. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ च्या सुमारास तो एक बदललेला मणी शोधून काढला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष नोंदला गेला आणि १९५८ मध्ये मध्य भारतातल्या लोकांबद्दलचा अहवाल आला. तेव्हापासून विदर्भाचे नाव या आजाराशी जोडले गेले.

"हा महारांचा रोग", "हा आदिवासींचा रोग" असे सुशिक्षित माणसेही बोलून जातात. आपल्यातले काही जण ते ऐकून खाली मान घालतात. त्याची काही गरज नाही. हा दोष आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे, सौदी अरेबियात आहे, ओडिशात, छत्तीसगडात, गुजरातेत आहे. विदर्भात तो गोंड, परधान आणि बौद्ध समाजात जास्त आढळतो, पण कुणबी आणि तेली समाजांतही सापडतो. या सगळ्या जागांना जोडणारी गोष्ट रक्ताची शुद्धता-अशुद्धता नव्हे, डास आहे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की ज्याच्याकडे एकच एस आहे त्याला घातक मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. जंगलाच्या कडेला, तळ्या-बोड्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाशी झगडलेल्या लोकांत एएस असलेली मुले जास्त जगली, त्यांची मुले झाली, आणि एस टिकला. (एसएस असलेल्याला मात्र हे कवच नाही, उलट मलेरिया त्याला फार जड जातो. मच्छरदाणी हवीच.)

मात्र एक गोष्ट जातीशी जोडलेली आहे, ती वेगळ्या अर्थाने. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्यात जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, असे मांडले होते. त्या मांडणीचा रक्ताशी संबंध नव्हता, पण रक्ताचा परिणाम तिथे येतो. लहान वर्तुळात लग्ने होत राहिली की एएसला एएस भेटण्याची शक्यता वाढते. वर्तुळ मोठे झाले की ती घटते. घटते, संपत नाही. म्हणून आंतरजातीय लग्नातही तपासणी टाळता येत नाही.

एएस, एसएस आणि चिठ्ठ्यांचा हिशेब

प्रत्येकाकडे बीटा माळेचे दोन आराखडे असतात, एक आईचा, एक बापाचा. दोन्ही नीट असतील तर एए. एक नीट, एक बदललेला तर एएस. त्याला वाहक म्हणतात. वाहकाच्या प्रत्येक पेशीत चांगले हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असते, ते मध्ये मध्ये येऊन दोऱ्या वळू देत नाही. म्हणून एएस माणूस आजारी नसतो. त्याला औषध लागत नाही, तो सगळी कामे करू शकतो. कडक उन्हात पाण्यावाचून अति श्रम मात्र त्याने टाळावेत. दोन्ही आराखडे बदललेले तर एसएस, आणि आजार त्याला होतो. एका बाजूने एस आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमियाचा दोष आला तरीही आजार होतो, त्याचीही उपचाराची वाट तीच.

आईबाप दोघे एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात चार चिठ्ठ्यांपैकी एक एसएसची, दोन एएसच्या, एक एएची. प्रत्येक गरोदरपणात, हा शब्द महत्त्वाचा. पहिले मूल एसएस झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे चिठ्ठ्या मानत नाहीत. दर वेळी चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात. एक एएस आणि दुसरा एए असेल तर एसएस मूल होत नाही. एसएस माणसाने एएशी लग्न केले तर सगळी मुले एएस, आजारी कोणी नाही. एसएस आणि एएस एकत्र आले तर दोनात एक चिठ्ठी आजाराची.

तपासणी दोन टप्प्यांची असते, आणि गोंधळ इथेच होतो. शिबिरात बोटातून रक्त घेऊन बऱ्याचदा सोल्युबिलिटी टेस्ट करतात. ती फक्त "एस आहे" एवढे सांगते. एएस की एसएस हे सांगत नाही. तान्ह्या बाळात तिच्यावर विसंबता येत नाही. पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी करून घ्यायचीच. शिबिरातला पॉझिटिव्हचा कागद घेऊन "मला सिकलसेल आहे" म्हणून वर्षभर रडलेली एएस मुलगी आणि "शिबिरात सांगितलं तेवढंच" म्हणून पुढे न गेलेला एसएस मुलगा, दोन्ही आपल्या वस्त्यांत भेटतात. आणखी एक, नुकतेच रक्त चढवले असेल तर तपासणीत देणाऱ्याचे रक्तही मिसळते. तीन महिने थांबावे किंवा आईबापांची तपासणी करावी.

उपचार काय, धोका कधी

बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत बहुधा काही दिसत नाही. गर्भातले हिमोग्लोबिन वेगळे असते, त्यात बीटा माळ नसते, आणि ते जन्मानंतर काही महिने टिकते. ते दोऱ्यांत गुंफले जात नाही. ते ओसरले की आजार उघडा पडतो, आणि बहुधा पहिली खूण म्हणजे हातापायांची सुजलेली बोटे.

याच गोष्टीवर आजचे मुख्य औषध उभे आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल शरीराला ते बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा बनवायला लावते. दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. ही गोळी काही कर्करोगांतही वापरतात, म्हणून पाकिटावरचे वाचून किंवा कोणी सांगितले म्हणून लोक घाबरून बंद करतात. घाबरण्यासारखे काही नाही, पण तीन गोष्टी पाळाव्या लागतात. ती रोज घ्यायची असते, दुखेल तेव्हा नव्हे, आणि परिणाम दिसायला काही महिने लागतात. पांढऱ्या पेशी फार घटत नाहीत ना हे पाहण्यासाठी ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते. आणि मूल हवे असेल तेव्हा, पती-पत्नी कोणीही घेत असो, आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. एसएस बाईचे बाळंतपण जोखमीचे असते, तिने पाळी चुकताच नाव नोंदवून मोठ्या रुग्णालयात दाखवावे.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुकात बदल करणाऱ्या उपचारांना मान्यता मिळाली. त्यातला एक बाळपणीचे हिमोग्लोबिनच पुन्हा सुरू करतो, म्हणजे आपली कॅप्सूल जे थोडेफार करते तेच कायमचे. त्याची किंमत तिथे २२ लाख डॉलर. तेव्हा वस्तीतल्या घरासाठी आज कॅप्सूल, पाणी, लस आणि वेळेवर गाठलेला दवाखाना हेच खरे.

या मुलांची पानथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालचा अवयव, लहानपणीच निकामी होत जाते. रक्तातले जंतू गाळण्याचे काम तिचे असते, म्हणून साधा वाटणारा ताप काही तासांत जीवघेणा होऊ शकतो. पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस यासाठीच देतात. १०१ च्या वर ताप गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. छातीत दुखून श्वास लागणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, मूल एकाएकी पांढरेफटक पडून डावीकडे पोट फुगणे, या वेळी रिक्षा मिळेल ती धरून रुग्णालय गाठावे. पानथरी हाताने कशी चाचपायची हे डॉक्टरांकडून प्रत्येक आईने शिकून घ्यावे, अवघड नाही. तरुण मुलगे एक गोष्ट लाजेने लपवतात : लिंग दुखत दुखत ताठ राहणे. हेही पेशी अडकल्यामुळेच होते. चार तास उलटू देऊ नयेत, नाहीतर कायमचे नुकसान होते. बापाने मुलाला हे आधीच सांगून ठेवलेले बरे. पोटावर डागणे, चटके देणे कुठे कुठे अजून चालते; त्याने जंतुसंसर्गाची वाट तेवढी मोकळी होते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. मोहिमेचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे शहरातल्या बौद्ध वस्तीत कोणी आपणहून दार ठोठावेल याची खात्री नाही. आशाताईंना विचारावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. एसएस रुग्णाने जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, एसटीच्या सवलतीचीही चौकशी करावी.

लग्नाआधी

वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर शिक्षण, नोकरी, उंची, रंग असे रकाने असतात. सिकलसेलचा रकाना काही ठिकाणी आला आहे, पण बरेच जण तो कोरा सोडतात. मुलीचे एएस लपवले जाते, कारण "मग कोण करणार?" ही भीती. भीती खोटी नाही, पण लपवून ती दूर होत नाही. ती चार वर्षांच्या पोराच्या हाडात जाऊन बसते. मुलीइतकेच मुलानेही तपासावे, ही साधी अपेक्षा आहे. एएस मुलीला एए मुलगा हवा, बस. तिच्यात काही उणे नाही.

तपासणी कधी करावी यावर माझे मत ठाम आहे : सुपारी फुटण्याआधी. मंगल परिणयाच्या पत्रिका वाटल्यावर अहवाल आला तर कोणाचीच थांबण्याची हिंमत होत नाही. त्याहूनही बरे म्हणजे दहावी-बारावीतच, लग्नाचा विषय नसताना. तेव्हा तो नुसता एक अहवाल असतो.

आणि दोघे एएस आहेत, लग्न झाले आहे किंवा एकमेकांवर जीव आहे, त्यांचे काय? त्यांना दोष देऊन काही मिळत नाही. गर्भाच्या साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा लहानसा नमुना घेऊन बाळ एसएस आहे का हे कळू शकते. त्यासाठी पाळी चुकताच डॉक्टरांकडे जावे, चौथा-पाचवा महिना उजाडू देऊ नये. पुढचा निर्णय त्या दोघांचा, सासू-सासऱ्यांचा नव्हे, शेजाऱ्यांचा तर नव्हेच. तपासणी न करता मूल झाले असेल तर त्याच्या जन्माच्या वेळीच रुग्णालयात "आम्ही दोघे एएस" हे सांगून बाळाची तपासणी मागावी, म्हणजे पेनिसिलिन दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून सुरू करता येते, पहिल्या तापाची वाट पाहावी लागत नाही.

तपासणीनंतर मिळणारे कार्ड जपून ठेवा. घरातल्या लोखंडी पेटीत टीसी, जातीचा दाखला, रेशनकार्ड ज्या पिशवीत असते त्याच पिशवीत. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, कामाला परगावी जाताना सोबत असू द्या. अनोळखी डॉक्टरला तेवढ्याने अर्धे काम सोपे होते. आणि मुलगी लग्न होऊन सासरी जाईल तेव्हा तिचे कार्ड तिच्याबरोबर द्या.